दुसरी पसंती कोरीच

१ डिसेंबर २०२० रोजी माझ्या आईने लातूरच्या एका केंद्रावर मतदान केलं आणि मतपत्रिकेखाली सही केली.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. हजेरीपट, पोषण आहाराची नोंदवही, बदलीचा अर्ज, जिथे कागद तिथे खाली सही, असा तीस वर्षांचा हात. शिवाय निवडणुकीच्या ड्युट्या तिने इतक्या केल्यात की केंद्रावर कुठली पिशवी कशी सील करायची हे झोपेतही सांगेल. औरंगाबाद विभाग पदवीधर मतदारसंघाची ती निवडणूक. तीसहून जास्त उमेदवार, चादरीसारखी मतपत्रिका, हातात आयोगाने दिलेला जांभळ्या शाईचा पेन. तिने एका नावासमोर १ लिहिला, कागद नीट आहे ना पाहिलं, आणि सवयीने खाली सही ठोकली. रात्री जेवताना तिने हे सहज सांगितलं. मी मोबाइलवर नियम शोधला. मतदार ओळखता येईल अशी कुठलीही खूण असली की मत बाद.

"म्हणजे माझं गेलं?" आईने विचारलं. मग भाकरी मोडून घेतली आणि विषय बदलला.

त्या निवडणुकीत सुमारे २ लाख ४२ हजार मतदान झालं आणि त्यातली २३ हजारांहून जास्त मतं अवैध ठरली. दर दहा पदवीधरांमागे जवळजवळ एक. सतीश चव्हाण १ लाख १६ हजार ६३८ मतं घेऊन जिंकले, शिरीष बोराळकर ५८ हजार ७४३ मतांवर थांबले. तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारापेक्षा बाद मतांचा ढीग कितीतरी मोठा होता. दुसऱ्या दिवसापासून विनोद सुरू झाले: शिकलेल्यांना १ लिहिता येत नाही. मीही एक फॉरवर्ड केला होता. आईला पाठवला नाही, एवढीच अक्कल होती.

हा लेख त्या विनोदाबद्दल आहे. म्हणजे एका कागदाबद्दल, आणि तो कागद वाचायला न शिकलेल्या आपल्या राजकीय भाषेबद्दल.

*

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एखाद्या फॉर्मवर दहा टक्के लोक चुकत असतील तर लोक अडाणी आहेत असं कुणी मीटिंगमध्ये म्हणत नाही. म्हटलं तर त्यालाच फॉर्म दुरुस्त करायला बसवतात. त्या नजरेने पसंतिक्रमाची मतपत्रिका वाचली तर दिसतं की तिच्यासोबतच्या सूचना प्रामुख्याने नकारांत लिहिलेल्या असतात. अक्षरांत लिहू नका. बरोबरची खूण करू नका. सही नको, अंगठा नको. स्वतःचा पेन वापरू नका. एकच अंक दोन नावांसमोर नको. प्रत्येक नकार आपापल्या जागी योग्य आहे, गुप्त मतदानासाठी आवश्यकही. पण हे सगळं कशासाठी, हे वाक्य कागदावर सापडत नाही. ते असं असायला हवं होतं: तुमचा पहिला माणूस निवडून येण्यासारखा नसेल, तर तुमचं मत कुणाकडे जावं ते सांगून ठेवा.

कायद्यातलं या पद्धतीचं मराठी नाव 'एकल संक्रमणीय मत'. कोविडच्या त्या हिवाळ्यात 'संक्रमण' हा शब्द कुठल्या अर्थाने कानावर पडत होता ते आठवून पाहा. मत संक्रमणीय असतं म्हणजे ते पुढे सरकतं. 'सरकतं मत' म्हटलं असतं तरी चाललं असतं. भाषांतरकाराने शब्दाला शब्द दिला, पण मतदाराच्या डोळ्यांसमोर चित्र उभं करायचं राहून गेलं.

माझे वडील लातूरच्या मार्केट यार्डात एका आडतीवर मुनीम होते. शिक्षण बारावी. त्यांना मी २०२२ च्या जूनमधली राज्यसभेची निवडणूक सांगत होतो, कारण तिथेही हीच पद्धत, फक्त मतदार आमदार. जागा सहा, उमेदवार सात, वैध मतं २८४. निवडून यायला चाळीसच्या थोडी वर मतं लागत होती. पहिल्या पसंतीत शिवसेनेच्या संजय पवारांना ३३ आणि भाजपच्या धनंजय महाडिकांना २७. तरी महाडिक आले. कसे? भाजपच्या पहिल्या दोन उमेदवारांना प्रत्येकी ४८ मतं होती. गरजेपेक्षा प्रत्येकी सात-साडेसात जास्त. ते जास्तीचं माप मतपत्रिकेवरच्या दुसऱ्या पसंतीनुसार महाडिकांच्या खात्यात गेलं.

वडिलांनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही. "चाळीस कट्ट्यांचा सौदा, अठ्ठेचाळीस आले. वरचे आठ काय फेकून देता का? पुढच्याच्या नावावर चढवायचे." बस, एवढंच. मला हे समजायला दोन लेख आणि एक एक्सेल शीट लागली होती.

पण पदवीधर मतदारसंघात वडिलांना मत नाही. आईला आहे, कारण ती बी.ए. आहे. ती शिक्षिका असूनही शिक्षक मतदारसंघात मात्र तिला मत नाही, कारण तो माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांसाठी. महाराष्ट्र विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ पदवीधरांच्या, ७ शिक्षकांच्या. सामान्य मतदाराला पसंतिक्रम लिहायला मिळतो तो या चौदा खिडक्यांतून, आणि खिडकीवर पदवीचं कुलूप आहे. ज्यांना ही पद्धत पेलेल असं गृहीत धरलं त्यांची २३ हजार मतं बाद झाली. ज्यांना पेलणार नाही असं गृहीत धरलं त्यांतला एक जण जेवणाच्या ताटावर ती समजावून सांगतो.

*

तरीही अवैध मतं हा मला या प्रकरणातला लहान भाग वाटतो. ती निदान मोजली जातात. मोठा भाग आहे तो वैध मतांचा, ज्यांवर फक्त १ आहे आणि बाकी सगळं कोरं.

२०२३ च्या अमरावती पदवीधर निवडणुकीत कोटा सुमारे ४७ हजारांचा होता. मोजणी दिवस-रात्र चालली, एकेक उमेदवार बाद होत गेला. शेवटी काँग्रेसचे धीरज लिंगाडे ४६ हजार ३४४ आणि भाजपचे रणजीत पाटील ४२ हजार ९६२. लिंगाडे जिंकले, पण कोटा न गाठताच. कारण हजारो मतपत्रिका वाटेत संपल्या. त्यांचा पहिला माणूस बाद झाला आणि पुढे कुणाकडे जायचं हे त्यांनी सांगितलेलं नव्हतं. आपल्या मराठवाड्यातही त्याच वेळी शिक्षक मतदारसंघात पहिल्या पसंतीवर कुणी निवडून आलं नाही. विक्रम काळे चौथ्यांदा आले ते बाद फेऱ्यांची मोजणी पार करून.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. अमेरिकेतल्या अलास्का राज्याने २०२२ मध्ये पसंतिक्रम पहिल्यांदा वापरला, संसदेसाठी आणि राज्याच्या विधिमंडळासाठीही. त्या ऑगस्टमधल्या पोटनिवडणुकीत तिसरा उमेदवार बाद झाला, तेव्हा त्याच्या सुमारे अकरा हजार मतपत्रिकांवर पुढची पसंतीच नव्हती. निकालातला फरक त्याहून कमी होता. दोन वर्षांनी ही पद्धत रद्द करण्याचा प्रस्ताव आला आणि ती अगदी थोडक्यात बचावली. नव्या मतपत्रिकेवर जुन्याच सवयीने मतदान होतं, हे तिथेही दिसलं.

आपली जुनी सवय कुठून आली? मला वाटतं, निवडणूक सांगण्याच्या आपल्या पद्धतीतून. आपली क्रियापदं बघा: पाडणे, आडवं करणे, मतं खाणे, गुलाल घेणे. सगळी कुस्तीच्या फडातली नाहीतर पंगतीतली. मराठी राजकीय कथनाचा शिखरबिंदू म्हणून आपण 'सिंहासन' (१९७९) कडे बोट दाखवतो आणि ते योग्यच आहे. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या, तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. पण त्यात मतदार कुठे आहे? आमदार फुटतात, गट जुळतात, खुर्ची एक. सत्तेच्या गणिताचा इतका बारीक अभ्यास असलेल्या या परंपरेला मतपत्रिकेवर हात ठेवून उभा राहिलेला माणूस जवळून बघावासा वाटलेला नाही.

'धुरळा' (२०२०) जास्त बोलका आहे. वडील गेल्यावर सरपंचपदासाठी एकाच घरातली माणसं समोरासमोर येतात. गर्दी, गाणी, डीजे, सगळं जमलंय. पण बघताना मला सारखं वाटत होतं की या गावातल्या माणसाची खरी अडचण सिनेमाला दिसतच नाहीये. त्याला हे घर सगळंच ओळखीचं. मोठा आवडतो, पण तो नाही आला तर धाकटा चालेल, तिसरा मात्र नकोच. हे त्याच्या मनातलं पूर्ण वाक्य आहे. मतदान यंत्र त्यातला पहिला शब्द घेतं आणि बाकीचं टाकून देतं. पटकथाही तेच करते. घर फुटण्याची गोष्ट सांगताना ते फुटायला मतदानाची पद्धतही हातभार लावते, हा धागा तिने सोडून दिला आहे.

*

आता आमच्या भागातल्या दोन निकालांकडे येतो. दोन्ही २०१९ चे, दोन्ही साध्या एकमताच्या पद्धतीतले.

नांदेड लोकसभा. प्रतापराव पाटील चिखलीकर ४ लाख ८६ हजार ८०६, अशोक चव्हाण ४ लाख ४६ हजार ६५८, वंचित बहुजन आघाडीचे यशपाल भिंगे १ लाख ६६ हजार १९६. फरक चाळीस हजारांचा. तेव्हापासून नांदेडच्या चहाच्या टपरीवर एक वाक्य तयार आहे: वंचितने मतं खाल्ली. या वाक्यात दीड लाखांहून जास्त माणसं चोर ठरतात. ती मतं आधीपासून दुसऱ्या कुणाच्या ताटात होती, असं धरून चाललेलं असतं. त्या मतदारांची दुसरी पसंती चव्हाणच असती का? मला तसं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. त्यांना ते कुणी विचारलंच नाही. पसंतिक्रमाची मतपत्रिका असती तर निदान विचारलं असतं, आणि आपला माणूस पहिला लिहिल्याबद्दल सहा-सहा वर्षं टोमणे खावे लागले नसते.

दुसरा निकाल लातूर ग्रामीण विधानसभेचा. धीरज देशमुख मोठ्या फरकाने जिंकले आणि दुसऱ्या क्रमांकावर आलं 'नोटा', सुमारे साडेसत्तावीस हजार मतांसह. देशभर बातमी झाली, कारण दुसरा क्रमांक कुणाचाच नव्हता. एवढ्या लोकांना काहीतरी म्हणायचं होतं आणि यंत्रावर त्यांना सापडलेलं बटण फक्त 'यांपैकी कुणीही नाही' एवढंच म्हणत होतं.

इथे इतिहासातली एक गोष्ट आठवते. १९४६ मध्ये संविधान सभेवर प्रांतिक विधिमंडळांतून सदस्य निवडले गेले ते याच सरकत्या मताने. मुंबई प्रांतातून डॉ. आंबेडकरांना वाट मिळाली नाही. ते बंगालमधून निवडून गेले. जागा अनेक आणि कोटा लहान असेल, तर मूठभर आमदारांच्या पसंतीलाही वजन येतं. बहुमताच्या एका फटक्यात ते आलं नसतं. नांदेडच्या टपरीवर ही गोष्ट कुणी मतं खाण्याच्या भाषेत सांगत नाही.

या पद्धतीचे दोष मला ठाऊक आहेत. मोजणी लांबते, हिशेब सामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर होत नाही, आणि आमदारांच्या मतदानात तिचा वापर फोडाफोडीसाठीही होतो. २०२२ चा जून त्याचंच उदाहरण. एका जागेसाठी ती लहान गटांना जिंकून देते असंही नाही. ती फक्त मतदाराचं वाक्य थोडं पुढपर्यंत ऐकते.

*

आणि आम्हा लातूरकरांना क्रम लावता येत नाही, हे तर कुणी म्हणूच नये. बारावीनंतर या गावात घराघरांत पर्यायांचे फॉर्म भरले जातात. पहिला कुठलं कॉलेज, दुसरा कुठलं, शाखा आधी की गाव आधी, मागच्या वर्षीचा कटऑफ काय. माझा फॉर्म भरायला वडील आडतीवरून लवकर आले होते. पहिला पर्याय पुण्याचा, दुसराही पुण्याचा. तिसरा वडिलांनी घालायला लावला: नांदेड, विष्णुपुरी. "वर नाही लागलं तर घरी बसणार का?" मला तिसराच मिळाला. माझे मित्र, माझी पहिली नोकरी, आज जे काही आहे ते सगळं त्या तिसऱ्या पर्यायातून आलं. आमच्या घरात तो पर्याय 'कमी' मानला जात नाही.

२०२० मध्ये मला मत नव्हतं, कारण पदवीला तीन वर्षं व्हावी लागतात. त्या निवडणुकीची सहा वर्षांची मुदत यंदा, २०२६ च्या अखेरीस संपते. पदवीधरांची यादी दर वेळी नव्याने होते, जुनी नावं आपोआप राहत नाहीत. म्हणून मी आणि आईने दोघांनी नमुना १८ भरला. आईने अर्जावर सही केली. तिथे ती लागते, हे तिने मला दोनदा सांगितलं.

मागच्या महिन्यात घरी गेलो तेव्हा एका वहीच्या कागदावर मी तिला खोटी मतपत्रिका काढून दिली, चर्चेतली सात-आठ नावं घालून. तिने पेन घेतला, १ लिहिला. मग थोडं थांबून २. बऱ्याच वेळाने ३. सही केली नाही. कागद उलटा करून माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "आता तू लिही."

मी १ लिहिला. वरची सगळी आकडेवारी मला तोंडपाठ होती. बाकीच्या नावांवरून नजर फिरवली, तर त्यातल्या कुणाबद्दलही तो पडावा यापलीकडे मी कधी विचारच केलेला नव्हता.

"दुसरं कोण?" आईने विचारलं.

वडील आतून म्हणाले, "त्याला वेळ दे जरा."