चौदा फेऱ्यांची शेती: ‘आग्रिकोला’ धाराशिवातून वाचताना

शेतीचा खेळ म्हटल्यावर आपल्याकडचा माणूस आधी नांगराकडे हात नेणार. मीही तेच केलं होतं, आणि सपाटून हरलो. हरण्याचं कारण समजायला पुढचे तीन डाव गेले. ते समजलं तेव्हा हा खेळ शेतीबद्दल नेमकं काय म्हणतो आणि काय म्हणायचं टाळतो, हेही दिसायला लागलं.

उवे रोझेनबर्ग या जर्मन रचनाकाराचा ‘आग्रिकोला’ २००७ साली आला. दुसऱ्याच वर्षी जर्मनीतल्या ‘श्पील देस यारेस’ पुरस्काराच्या परीक्षकांनी त्याला जटिल खेळासाठीचा खास पुरस्कार दिला. काळ सतराव्या शतकातल्या मध्य युरोपचा. प्रत्येकाकडे पंधरा चौकटींचं रान, त्यात दोन खोल्यांचं लाकडी घर आणि घरात दोन माणसं, म्हणजे दोन लाकडी चकत्या. डाव चौदा फेऱ्यांचा. प्रत्येक फेरीत एकेक चकती मधल्या पटावरच्या एखाद्या कामावर ठेवायची: लाकूड आणणं, नांगरणं, पेरणं, मासे धरणं, मजुरीला जाणं. एका कामावर एकच चकती. शेजाऱ्याने लाकूड उचललं की त्या फेरीत तुम्हाला लाकूड नाही. चौथ्या, सातव्या, नवव्या, अकराव्या, तेराव्या आणि चौदाव्या फेरीनंतर सुगी येते आणि दर माणशी दोन घास मोजावे लागतात. जितके कमी पडतील तितके भिकेचे पत्ते, आणि शेवटी प्रत्येकी तीन गुण वजा.

नियम शिकायला अर्धा-पाऊण तास पुरतो. पण नियम कळले म्हणजे खेळ कळला असं नाही. नांगराचाच हिशेब मांडू. नांगरायला एक चाल, बियाणं आणायला दुसरी, पेरायला तिसरी. एक दाणा पेरला की शेतात तीन होतात, पण दर सुगीला शेतातून एकच दाणा घरात येतो. म्हणजे तीन चाली खर्चून पहिल्या सुगीला हाती एक घास, आणि घराला हवेत चार. मजुरीच्या एका चालीत मात्र दोन घास लगेच मिळतात. नवशिका शेती करत राहतो आणि मुरलेला खेळाडू चूल मांडून, मासे धरून पहिली सुगी निभावतो. इथे खरी टंचाई जमिनीची नाही, हातांची आहे.

म्हणून मुरलेले खेळाडू लवकरात लवकर खोली बांधतात आणि घरात मूल आणतात. पाचव्या फेरीत ते साधलं तर तिसरा हात सहाव्या फेरीपासून चौदाव्यापर्यंत नऊ जादा चाली देतो. त्याचं पाच सुगींचं पोट दहा घासांचं. पाच वेळा नुसता मजुरीला गेला तरी तो स्वतःचं भागवतो आणि चार चाली घराला उरतात. वर तीन गुण. घर वाढवा, म्हणजे घर चालेल, हा या खेळाचा सर्वांत मोठा धडा आहे.

हा धडा निरागस नाही. खेळाचे नियम हे एक प्रतिपादन असतं, ही गोष्ट आपल्या घराघरांतल्या ‘व्यापार’च्या पूर्वजालाही ठाऊक होती. लिझी मॅगी या अमेरिकन बाईने १९०४ साली ‘लँडलॉर्ड्स गेम’चं पेटंट घेतलं, ते जमीनदारीतला अन्याय खेळाडूला अनुभवायला लावण्यासाठी. तिच्या खेळाला दोन प्रकारचे नियम होते. एका प्रकारात मिळकत सगळ्यांच्या वाट्याला येते, दुसऱ्यात एक जण बाकीच्यांना धुऊन काढतो. १९३५ साली पार्कर ब्रदर्सने ‘मोनॉपली’ बाजारात आणला तेव्हा टिकला तो दुसरा प्रकार. तोच पुढे मुंबई-दिल्लीची नावं घेऊन आपल्या सतरंजीवर आला, आणि भाडं वसूल करण्यातली गंमत आपण सगळ्यांनी चाखली. ‘आग्रिकोला’त कुणी कुणाला भाडं देत नाही, कुणी दिवाळखोर होत नाही. त्या मानाने तो सभ्य खेळ. पण सभ्य खेळसुद्धा काहीतरी गृहीत धरतो.

पहिलं गृहीत म्हणजे सुगी. चौथ्या फेरीनंतर ती येणार म्हणजे येणार, आणि पेरलेल्या प्रत्येक शेतातून दाणा निघणार. १९७२च्या दुष्काळाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये परांडा-भूमकडे पुराने उभी पिकं नेलेली पाहिलेल्या जिल्ह्यात हा नियम वाचताना हात जरा थबकतो. दुसरं गृहीत वाटणीचं. पटावर पाच माणसं झाली तरी रान पंधरा चौकटींचंच राहतं आणि एकसंध राहतं. इथे घर वाढलं की बांध वाढतात.

तिसरं गृहीत सर्वांत खोल आहे. पटावर नवरा एक चकती, बायको एक चकती, प्रत्येकीची एक चाल. दसरा-दिवाळीच्या सुमाराला धाराशिव आणि बीडमधून ऊसतोडीला ज्या टोळ्या निघतात, त्यांचा हिशेब असा नसतो. तिथे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. माणसं दोन, नोंद एक, आणि त्या जोडीवर मुकादमाने दिलेली उचल. उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर जाते, म्हणजे पुढच्या हंगामातले हात आधीच विकलेले असतात.

इथे भिकेच्या पत्त्याकडे पुन्हा पाहू. तो गुण कापतो, पण शेवटी. पुढच्या फेरीतली एकही चाल हिरावून घेत नाही. उपाशी राहिलेलं घर दुसऱ्या दिवशी तितक्याच हातांनी कामाला लागतं. हातांची टंचाई ज्याने इतकी बारकाईने मांडली, त्या खेळात हातच गहाण ठेवणारी गोष्ट, कर्ज, नाही. वास्तवाचा एखादा तपशील सुटला तर तक्रार नसते, सगळं पटावर मावत नाही. पण ही उणीव खेळाच्या स्वतःच्या तर्कातली आहे.

न्यायाने हेही सांगायला हवं की एका बाबतीत हा खेळ आपल्या आजच्या शेतीपेक्षा शहाणा आहे. शेवटच्या गुणतक्त्यात धान्य, भाजी, मेंढ्या, डुकरं, गुरं यांपैकी ज्याचा पत्ता नाही त्याचा एक गुण वजा, आणि रिकाम्या चौकटीचाही एकेक वजा. एकाच गोष्टीचा ढीग लावून जिंकता येत नाही. खरिपात नजर पोचेल तिथवर सोयाबीन पेरणाऱ्या आपल्या शिवाराला या तक्त्यावर फार गुण पडणार नाहीत. ज्वारीत तूर, बांधाला कारळं, दारात उस्मानाबादी शेळ्या असं जुनं घर बरं खेळलं असतं. शेळी मात्र खेळात नाही. आणि तिथे कितीही जनावरं असली तरी एका सुगीत एका जातीचं एकच पिल्लू होतं. जुळी देणाऱ्या आमच्या शेळीला हा नियम मान्य झाला नसता. पण हे शहाणपण खेळाला स्वस्तात पडतं, कारण तिथे बाजारभावच नाही. दाण्याचा एक घास पहिल्या फेरीतही आणि चौदाव्यातही. इथला शेतकरी सोयाबीनकडे वळला तो नगदी पैशासाठी, आणि त्याच पैशाच्या भावाने तो दरवर्षी धास्तावतो.

तरीही मी हा खेळ शिकवत राहीन. संसार चालवणं म्हणजे एकेका दिवसाचे हात कुठे लावायचे याचा निर्णय, हे इतक्या नेमकेपणाने सांगणारी दुसरी गोष्ट मला सापडलेली नाही, पुस्तकांतही नाही. फक्त गड्डीत एक पत्ता वाढवावासा वाटतो. सुगीला घास कमी पडले तर तो घ्यायचा: हवे तितके घास आत्ता मिळतील, पण पुढच्या सुगीपर्यंत दोन चकत्या पटाबाहेर, आणि परतताना त्या दोन्हींची मोजणी एकच. पत्त्याचं नाव उचल. तो घेतलेला खेळाडू पुढच्या फेऱ्यांत इतरांना खेळताना नुसता बघत बसेल. खेळ म्हणून हे कंटाळवाणं होईल, हे मला कळतं. बहुधा म्हणूनच तो पत्ता कुणी छापलेला नाही.