पहिल्या कादंबरीचे हस्तलिखित आणि अभिप्रायाची भाषा

छापून आलेल्या कादंबरीची समीक्षा कशी करावी याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु जी अद्याप छापली गेलेली नाही, जिचा लेखक प्रथमच कादंबरी लिहीत आहे आणि जी बदलणे अजून त्याच्या हाती आहे, अशा कादंबरीवर अभिप्राय कसा द्यावा, हा प्रश्न समीक्षेच्या कक्षेत सहसा येत नाही. वास्तविक समीक्षेच्या शब्दाचा कृतीवर प्रत्यक्ष परिणाम व्हावयाचा असेल तर तो याच टप्प्यावर होतो. परभणी जिल्ह्यातील महाविद्यालयांत मराठी शिकविणाऱ्या अध्यापकाकडे अशी हस्तलिखिते अधूनमधून येतात. त्यांपैकी बहुतेकांचे निवेदन गावच्या बोलीत असते, आणि त्यांवर दिला जाणारा पहिला अभिप्रायही बहुधा एकच असतो : ‘संवाद बोलीत ठेवा, निवेदन शुद्ध करा.’

या सूचनेच्या मागे एक वाङ्मयीन संकेत उभा आहे, हे मान्य केले पाहिजे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) माणसे माणदेशी बोलतात आणि निवेदन करणारा तरुण शिक्षक प्रमाण मराठीत सांगतो. तेथे ती विभागणी अर्थपूर्ण आहे, कारण निवेदक गावात बाहेरून आलेला आहे. परंतु एका कादंबरीतील निवेदकाच्या स्थानामुळे सिद्ध झालेली गोष्ट सर्वांसाठी नियम कशी होईल? १९७१ साली दोन लेखकांच्या पहिल्या कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या : आनंद यादवांची ‘गोतावळा’ आणि रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’. पहिली नारबा या सालगड्याच्या तोंडून सांगितली आहे, दुसरी गंगाराम शिंप्याच्या बायकोच्या तोंडून. दोहोंतही निवेदनच बोलीत आहे. ‘पाचोळा’ ही तर मराठवाड्यातील बोलीत आहे. ‘निवेदन शुद्ध करा’ ही सूचना या दोन हस्तलिखितांना लागू केली असती तर निवेदकच नाहीसे झाले असते, आणि मागे केवळ कथानक उरले असते.

तरीही ती सूचना आजही दिली जाते. या सवयीचे मूळ आपल्या प्रदेशाच्या इतिहासात शोधावे लागते, असे मला वाटते. निजामाच्या राज्यात कारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. मराठी ग्रंथव्यवहाराची मोठी केंद्रे, मुंबई आणि पुणे, राज्याच्या सीमेपलीकडे होती. तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातील सातोना येथे १९१३ साली जन्मलेले बी. रघुनाथ निजामी राज्याच्या बांधकाम खात्यात कारकुनी करीत कादंबऱ्या लिहीत राहिले आणि १९५३ साली परभणीतच निवर्तले, ते या परिस्थितीत. मराठीचा निवाडा दूर कोठेतरी व्हावयाचा ही समजूत अशा काळात रुजली असल्यास नवल नाही. मात्र १९४८ नंतर ती टिकून राहण्याचे काही कारण नव्हते.

आता शुद्धीकरणाने नेमके काय होते ते पाहू. नमुन्यादाखल मी रचलेले एक वाक्य घेऊ : ‘मी घरात गेलो तवा माय रडायली व्हती.’ अभिप्राय देणारा ते असे दुरुस्त करतो : ‘मी घरात गेलो तेव्हा आई रडू लागली होती.’ वरवर पाहता हे निरुपद्रवी आहे. परंतु आपल्याकडील ‘रडायली’ या रूपाचे ‘लागणे’शी नाते दिसत असले तरी त्याचा अर्थ आरंभाचा नाही, क्रिया चालू असल्याचा आहे. ‘काय करायलास?’ म्हणजे ‘काय करीत आहेस?’ मूळ वाक्यात मुलगा घरात शिरण्यापूर्वीपासून माय रडत होती. दुरुस्त वाक्यात तिच्या रडण्याचा आरंभच पुढे आला, आणि मुलाच्या येण्याशी त्याचा संबंध जोडण्यास वाव मिळाला. कादंबरीत एवढ्यावर एखादे प्रकरण उभे असू शकते. दुरुस्ती करणाऱ्याला आपण व्याकरण सुधारले असे वाटते. प्रत्यक्षात त्याने घटनाक्रम बदललेला असतो.

याच्या उलट टोकाचा अभिप्रायही तितकाच निरुपयोगी ठरतो. ‘आपल्या मातीचा गंध आहे, एक शब्दही बदलू नका,’ असे म्हणणारा वाचक लेखकाला आनंद देतो, पण त्याला पुन्हा हस्तलिखिताकडे जाण्यास काही देत नाही. बोली आहे म्हणून निवेदन जिवंत आहे, असे समीकरण मांडता येणार नाही. एका पानावर ‘मव्हं’ आणि पुढच्या पानावर ‘माझी मनोवस्था’ असे आढळले तर तेथे थांबलेच पाहिजे. अर्थात थांबणे म्हणजे दोष ठरविणे नव्हे. परभणीच्या वसतिगृहात तीन वर्षे राहिलेला मुलगा खरोखरच दोन्ही बोलतो. घरी पत्र लिहिताना एक, प्राध्यापकांसमोर दुसरे. म्हणून विचारावयाचा प्रश्न ‘भाषा एकसारखी का नाही?’ हा नसून ‘येथे ती कोणासमोर बदलली?’ हा आहे. लेखकाला उत्तर देता आले तर ते पानावर दिसते की नाही एवढेच पाहावयाचे राहते. उत्तर देता आले नाही, तर त्या ठिकाणी निवेदक सुटून लेखक बोलू लागला आहे, असे समजावे.

अशा वाचनाची परंपरा आपल्याला परकी नाही. ‘लीळाचरित्रा’साठी म्हाइंभटांनी जागोजागी जाऊन आठवणी गोळा केल्या आणि त्या नागदेवाचार्यांकडून तपासून घेतल्या, असे महानुभाव परंपरा सांगते. त्या ग्रंथात एकाच लीळेची वेगळी आठवण मिळाली तर ती ‘वासना’ म्हणून शेजारी नोंदविलेली आढळते. मुख्य पाठ तिच्यासाठी खोडला जात नाही. हस्तलिखित वाचणाऱ्याने समासात असेच लिहावे : ‘येथे मला असे कळले.’ एक वाचक त्याच बोलीचा असावा, दुसरा बाहेरचा. दोघांना एकच वाक्य वेगळे कळले असेल तर ती जागा लेखकाला पुन्हा पाहावी लागेल. आणि बाहेरच्याला केवळ एखादा शब्द अडला असेल, तर बहुधा पाहावी लागणार नाही.

हे सर्व पार पडल्यावरही मुद्रितशोधक शिल्लक असतोच. त्याच्या नेमलेल्या नियमांत ‘रडायली’ बसत नाही. यास्तव आपण जी रूपे जाणूनबुजून वापरली त्यांची अर्थांसह एक यादी लेखकाने हस्तलिखितासोबतच प्रकाशकाकडे पाठवावी, आणि ती तयार करण्याच्या कामी भाषाविज्ञानाच्या अध्यापकाने त्याच्याजवळ बसावे.