फुकट पार्किंगचं पुस्तक आणि एमएच-३८

पार्किंगवर सातशेहून जास्त पानांचं पुस्तक कुणी कशाला लिहील? डोनाल्ड शूप यांनी लिहिलं. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात शिकवणारे प्राध्यापक, पुस्तक 'द हाय कॉस्ट ऑफ फ्री पार्किंग', साल २००५. फेब्रुवारी २०२५ मध्ये शूप वारले. मी त्यांचं पुस्तक हिंगोलीत वाचलं. इथे 'पार्किंग कुठंय?' असं कुणी विचारत नाही. स्टँड लावला, की तेच पार्किंग.

पुस्तकाचं म्हणणं सोपं आहे. फुकट पार्किंग फुकट नसतं. प्रत्येक इमारतीनं गाड्यांसाठी अमुक इतकी जागा सोडलीच पाहिजे अशी सक्ती केली, की त्या जागेची किंमत घरभाड्यात, किराण्यात, हॉटेलच्या बिलात गुपचूप मिसळते. म्हणजे पायी येणारा माणूसही गाडीवाल्याचे पैसे भरतो. शूप यांनी विद्यापीठाशेजारच्या वेस्टवुड व्हिलेज या छोट्या बाजारपेठेत मोजणी केली. रस्त्याकडेची स्वस्त जागा शोधत फिरणाऱ्या गाड्या तिथे वर्षाला सुमारे साडेनऊ लाख मैल उगाच पळत होत्या. त्यांचे उपाय तीन : इमारतींवरची पार्किंगची सक्ती काढा, रस्त्यावरच्या जागेला असा दर लावा की एखाद-दुसरी जागा कायम रिकामी राहील, आणि तो पैसा त्याच गल्लीत खर्च करा. पॅसाडेना शहरानं १९९३ मध्ये जुन्या बाजारपेठेत मीटर बसवले, त्या पैशातून फुटपाथ नि दिवे केले, आणि मरगळलेली पेठ पुन्हा गजबजली.

पुस्तकाचा निम्मा भाग मला शंभर टक्के पटतो, कारण शूप ज्या सक्तीवर तुटून पडले तीच आपण नियम म्हणून लिहून ठेवली आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्यात एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली आली. मुंबईसारखे मोजके अपवाद सोडले तर ती सगळीकडे लागू आहे. घराच्या क्षेत्रफळानुसार कारच्या आणि दुचाकीच्या किमान जागा किती, याचा तक्ता तिच्यात आहे. २०११ च्या जनगणनेत देशातल्या जेमतेम ४.७ टक्के कुटुंबांकडे चारचाकी होती, २१ टक्क्यांकडे दुचाकी. तेव्हापासून गाड्या वाढल्या हे खरं. पण जिच्या घरी कार नाही, तिच्या फ्लॅटच्या किमतीत कारची जागा का मोजायची? मे २०२५ मध्ये परिवहन मंत्र्यांनी जाहीर केलं, की पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी होणार नाही. जपानमध्ये असा कायदा १९६२ पासून आहे. पण जपानमध्ये रेल्वे आणि बस दारात येतात, हा भाग आपण विसरतो.

इथेच पुस्तक हिंगोलीत अडखळतं. शूप यांच्यासमोरचं शहर आधीच गाड्यांसाठी बांधलेलं आहे. आपलं गाव निजामाच्या छावणीभोवती वाढलं. रिसाला, पलटण, तोफखाना ही नावं अजून तोंडात आहेत : घोडदळ, पायदळ, तोफा. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन जिल्हा झाला, कार्यालयं आली, गाड्यांवर एमएच-३८ आलं. २०११ मध्ये शहराची लोकसंख्या ८५,१०३ होती. त्यानंतरची वाढ वर कमी आणि बाहेर जास्त झाली. महामार्ग १६१ रुंद झाला, तशा दोन्ही बाजूंच्या वावरांत पाट्या उभ्या राहिल्या : एनए प्लॉट, हप्त्याची सोय. लेआउटमध्ये रस्ते आखले जातात, ओपन स्पेस सोडली जाते. बस कुठे थांबेल, हा प्रश्न कुठल्याच नकाशात नसतो.

मग काय होतं? गावातल्या गावात फिरणारी बस नाही. चार किलोमीटरवर राहायला गेलेलं कुटुंब आधी एक दुचाकी घेतं, मुलगी कॉलेजला लागली की दुसरी. राहायची जागा बाहेर गेली, पण कापड, सोनं, दवाखाना, बँक जुन्या पेठेतच राहिली. सगळ्या गाड्या रोज तिथेच येतात. हळदीच्या हंगामात त्यात ट्रॅक्टर आणि टेम्पो. पेठेतली गर्दी अशी शिवारातल्या प्लॉटिंगमध्ये तयार होते.

आणि पेठेत रस्त्याची कड रिकामी नसते. शूप तिला गाड्यांची जागा धरून भाव ठरवतात. आपल्याकडे तिथे भाजीचा हातगाडा असतो, चपला शिवणारे काका असतात, पालेभाजीची पाटी घेऊन खेड्यातून आलेली मावशी असते. भाव लावला तर आधी कोण उठेल? २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानं त्यांना हक्क दिला आहे. सर्वेक्षणात नोंदलेल्या विक्रेत्यांना, लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांच्या मर्यादेत, जागा द्यायची आहे. २०११ च्या आकड्यावर हिशेब केला तर हिंगोलीत ही मर्यादा एकवीसशेच्या पुढे जाते. पार्किंगचे पट्टे आखायच्या आधी या लोकांच्या जागा आखल्या पाहिजेत. आपल्याकडे बहुतेक वेळा उलट होतं : 'वाहतूक कोंडी' म्हणून मोहीम निघते, हातगाडे उठतात आणि मोकळ्या झालेल्या जागेवर संध्याकाळपर्यंत गाड्या लागतात.

म्हणून माझं मत असं : शूप वाचावेत, पण क्रम बदलून. आधी लेआउट मंजूर करताना बसचा रस्ता आणि थांबा मागा. मग पथविक्रेत्यांच्या जागा पक्क्या करा. पैसे घ्यायची पाळी त्यानंतर, आणि तेही चारचाकीपासून. त्यांचा तिसरा उपाय मात्र जसाच्या तसा उचलावा : ज्या गल्लीत पावती फाडली, त्याच गल्लीत तो पैसा दिसला पाहिजे, गटारावरच्या झाकणात, दिव्यात, बायकांसाठीच्या स्वच्छतागृहात.

तोवर एक करता येईल. प्लॉट बघायला घरचे निघाले, की दर स्क्वेअर फूट आपण विचारतोच. 'इथून गावात गाडीशिवाय जायचं कसं?' हेही विचारा. उत्तर मिळालं नाही, तर त्या प्लॉटच्या किमतीत दोन गाड्या आणि त्यांचं रोजचं पेट्रोल धरूनच व्यवहार करा.