रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स रामा

भारत-जपान सहकार्यातून १९९२ साली पूर्ण झालेला अ‍ॅनिमेशनपट. युगो साको, कोइची सासाकी आणि मुंबईचे राम मोहन हे त्याचे दिग्दर्शक. पारदर्शक तावांवर हाताने रंगविलेली चित्रे हा त्याचा पाया होय. मूळ संवाद इंग्रजी असून संगीत वनराज भाटिया यांचे, तर संस्कृत गीते वसंत देव यांची आहेत. पुढे झालेल्या हिंदी आवृत्तीत अरुण गोविल यांनी रामाला व अमरीश पुरी यांनी रावणाला आवाज दिला. दूरचित्रवाणीमुळे हीच आवृत्ती घरोघर परिचित झाली.

२४ जानेवारी २०२५ रोजी ४के स्वरूपातील संस्कारित आवृत्ती भारतात प्रदर्शित झाली. दूरचित्रवाणीच्या लहान पडद्यावर दबलेले रेषांचे बारकावे व पार्श्वचित्रांतील रंगछटा तीत स्पष्ट होतात. या दृष्टीने ती मुळाच्या अधिक जवळ जाते. ध्वनीबाबत मात्र उलट घडले. हिंदी संवाद नव्या कलावंतांकडून पुन्हा ध्वनिमुद्रित करण्यात आले. तमिळ व तेलुगू आवृत्त्यांनी प्रेक्षकवर्ग विस्तारला, हे खरे. परंतु २००५ साली निवर्तलेल्या अमरीश पुरी यांच्या रावणाचा गडद, संयत दर्प हिंदीत उरला नाही. चित्राचा संस्कार ही मुळाची पुनःप्राप्ती, तर आवाजाचा बदल ही नवी निर्मिती होय. दोहोंना एकच नाव दिल्याने हा भेद झाकला जातो. म्हणून जुना हिंदी ध्वनिपट्टही स्वतंत्रपणे जतन होणे आवश्यक ठरते.