पदपाठ आणि यंत्र

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील २९व्या सूक्ताच्या पहिल्याच ऋचेत 'वायो' असा जो ध्वनिसमूह येतो, त्याचे शाकल्याने आपल्या पदपाठात 'वा' आणि 'यः' असे दोन तुकडे केले. यास्काला हे मान्य झाले नाही. 'यः' हे संबंधी सर्वनाम असते तर क्रियापद उदात्त झाले असते आणि अर्थही अपुरा राहिला असता, असे निरुक्ताच्या सहाव्या अध्यायात सांगून त्याने 'वायः' हे एकच पद मानले आणि पक्ष्याचे पिल्लू असा त्याचा अर्थ केला. संहितेचे अक्षर दोघांनाही सारखेच पूज्य होते. मतभेद होता तो विश्लेषणाविषयी. पदकारांनी व्याकरणाच्या मागे जावे, व्याकरणाने पदकारांच्या मागे जाऊ नये, असे पुढे पतंजलीनेही बजावून ठेवले आहे. शास्त्रग्रंथ कितीही पवित्र मानला तरी त्याची फोड करणारा मनुष्य असतो आणि तो चुकू शकतो, ही जाणीव या परंपरेत अशी फार जुनी आहे.

ग्रीक भाषेतील नव्या कराराच्या अभ्यासात गेल्या अर्धशतकात संगणकाने जे स्थान मिळवले आहे, त्याचे मूल्यमापन करताना या जुन्या वादाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. कारण ज्याला आज बायबलच्या अभ्यासाचे सॉफ्टवेअर म्हणतात, त्याचा गाभा म्हणजे एक पदपाठच होय. नव्या करारात सुमारे १,३८,००० शब्द आहेत. त्यांपैकी प्रत्येकाला त्याचे मूळ रूप, विभक्ती, लिंग, वचन, काळ, प्रयोग, अर्थ अशी माहिती सांगणारी एक चिठ्ठी जोडलेली असते. संगणकाच्या परिभाषेत तिला टॅग म्हणतात. यंत्र शोधते ते या चिठ्ठ्या. ते ग्रीक वाचत नाही. कोणीतरी वाचलेले ग्रीक ते क्षणार्धात पुढे मांडते.

या उद्योगाचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगता येईल. रोबेर्तो बूसा या जेझुइट पंडिताने १९४९ मध्ये आयबीएम कंपनीच्या साहाय्याने संत थॉमस अक्वायनस याच्या लॅटिन ग्रंथांची यांत्रिक शब्दसूची हाती घेतली. ग्रीक वाङ्मयाचा 'थेसाउरुस लिंग्वाए ग्राएकाए' हा संग्रह १९७२ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाला. त्याच दशकात ग्रॅमकॉर्ड या प्रकल्पाने शब्दांची सूची मागे टाकून व्याकरणाची सूची सिद्ध करण्यास आरंभ केला. अमुक शब्द कोठे येतो, याऐवजी अमुक रचना कोठे येते, हा प्रश्न आता विचारता येऊ लागला. बदल दिसतो त्याहून मोठा होता, आणि त्याचे पहिले फळही चांगले निघाले.

ग्रीकमध्ये 'एइ' हे अव्यय आणि स्वार्थी क्रियापद मिळून होणाऱ्या संकेतवाक्याला पहिल्या वर्गाचे संकेतवाक्य म्हणतात. वक्ता येथे अट खरीच धरून चालतो, म्हणून त्याचा अनुवाद 'जर' ऐवजी 'ज्याअर्थी' असा करावा, असे पिढ्यान्‌पिढ्या अनेक वर्गांतून शिकवले जाई आणि व्यासपीठांवरून सांगितले जाई. जेम्स बॉयर या अमेरिकन अभ्यासकाने ग्रॅमकॉर्डच्या साहाय्याने नव्या करारातील अशी सर्व वाक्ये एकत्र केली आणि १९८१ मध्ये त्यांचा हिशेब मांडला. वाक्ये सुमारे ३०० भरली. त्यांपैकी ३७ टक्के वाक्यांतील अट उघडपणे खरी होती, १२ टक्के वाक्यांत ती उघडपणे खोटी होती, आणि उरलेल्या ५१ टक्क्यांत खरे-खोटे ठरवण्यास आधारच नव्हता. मत्तयाच्या बाराव्या अध्यायात तर ही दोन्ही टोके लागोपाठच्या वचनांत भेटतात. येशू भुतांच्या अधिपतीच्या बळाने भुते काढतो हा विरोधकांचा आरोप तो प्रथम वादापुरता अट म्हणून मांडतो, आणि लगेच देवाच्या आत्म्याचे सामर्थ्य तशाच घडणीच्या दुसऱ्या अटीत ठेवतो. पहिल्या ठिकाणी 'ज्याअर्थी' घातले तर येशूने आरोप कबूल केल्यासारखे होईल! नियम टिकला नाही. एखादे सार्वत्रिक विधान खोडून काढण्यास सर्व उदाहरणे एकाच वेळी समोर असणे किती आवश्यक असते, हे या एका निबंधाने दाखवून दिले. हे काम हाताने झालेच नसते असे नाही. पण ते झाले नव्हते, एवढे खरे.

मात्र नुसत्या मोजणीवर विसंबले की काय होते, याचे उदाहरण त्याआधीच घडून गेले होते. ए. क्यू. मॉर्टन या स्कॉटिश धर्मोपदेशकाने १९६३ मध्ये वाक्यांची लांबी आणि 'काइ' म्हणजे 'आणि' या अव्ययाचे प्रमाण मोजून पौलाच्या नावावरील पत्रांपैकी चारच त्याची असल्याचे जाहीर केले. त्यावर जॉन एलिसन याने तीच कसोटी जेम्स जॉइसच्या 'युलिसिस'ला लावली, आणि त्या कादंबरीलाही एकाहून अधिक लेखक असल्याचा निष्कर्ष निघाला! बायबलची संगणकीय शब्दसूची १९५७ मध्ये प्रसिद्ध करणाऱ्या मनुष्यानेच हा विनोद करावा, यात एक न्याय आहे.

बॉयरचे यश आणि मॉर्टनचे अपयश यांतील भेद बुद्धिमत्तेचा नाही. बॉयरने यंत्राकडून यादी घेतली आणि प्रत्येक वाक्य स्वतः वाचून निर्णय दिला. मॉर्टनने आकड्यालाच निर्णय मानले. आजची साधने वापरणारा सामान्य वाचक या दोहोंपैकी कोणाच्या मार्गाने जातो, हा खरा प्रश्न आहे. पडद्यावरील शब्दावर बाण नेला की चौकट उघडते आणि तीत विभक्तीपासून अर्थापर्यंत सर्व काही निःशंकपणे छापलेले असते. ही निःशंकता आली कोठून, हे मात्र ती चौकट सांगत नाही.

योहानाच्या चौदाव्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात 'पिस्तेउएते' हे क्रियापद दोनदा येते. त्याचा अर्थ 'तुम्ही विश्वास ठेवता' असा होतो, तसाच 'तुम्ही विश्वास ठेवा' असाही होतो. संस्कृताच्या अभ्यासकाला ही अडचण चटकन जाणवणार नाही, कारण तेथे लट् आणि लोट् यांची मध्यमपुरुषी अनेकवचने 'पठथ' आणि 'पठत' अशी वेगळी पडतात. ग्रीकमध्ये रूप एकच. दोन ठिकाणी दोन शक्यता, म्हणजे एका वचनाचे चार अन्वय झाले. धीर खचलेल्या शिष्यांना येशू त्यांच्या अंगी असलेल्या श्रद्धेची आठवण देत आहे, की नसलेली श्रद्धा धरण्याची आज्ञा करीत आहे, हे त्यावर अवलंबून आहे. त्याच ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात शास्त्र शोधण्याविषयीचे 'एराउनाते' हे क्रियापद १६११ च्या इंग्रजी भाषांतरकारांनी आज्ञार्थी घेतले, तर विसाव्या शतकातील भाषांतरे बहुधा ते स्वार्थी घेतात. भाष्यकाराला 'दोन्ही संभवतात' असे लिहिता येते. चिठ्ठीला बहुधा एकच खाना असतो; तो भरावाच लागतो, आणि भरला की शंका पुसली जाते. त्यानंतर कोणी नव्या करारातील सर्व आज्ञार्थांची यादी मागितली, तर अशा जागा चिठ्ठी लिहिणाराच्या कौलाप्रमाणे यादीत येतील किंवा येणारच नाहीत. ज्या जागेवर विचार व्हावयास हवा नेमकी तीच नजरेआड जाते.

प्रयोगाच्या बाबतीत गोष्ट आणखी बिकट आहे. ग्रीकमधला मध्यम प्रयोग भारतीय वाचकाला परका नाही. ते आत्मनेपदच आहे. 'लभते', 'शेते', 'आस्ते' ही क्रियापदे आत्मनेपदी आहेत, म्हणून त्यांत काही उणे आहे असे पाणिनीच्या शिष्याला कधी वाटले नाही. परंतु पाश्चात्त्य शिक्षणपरंपरेने लॅटिन व्याकरणातील 'डिपोनंट' ही संज्ञा ग्रीकवर लादली: रूप मध्यम वा कर्मणी, अर्थ मात्र कर्तरी, जणू क्रियापदाने आपला खरा वेष उतरवून ठेवला आहे. फ्रीबर्ग दांपत्याने १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात अशा क्रियापदांना स्वतंत्र चिन्हे आहेत. अन्य काही संग्रह केवळ रूप पाहून मध्यम किंवा कर्मणी एवढेच नोंदवतात. साहजिकच, मध्यम प्रयोग किती वेळा येतो या साध्या प्रश्नाला दोन साधने दोन उत्तरे देतात. अलीकडे पुष्कळ वैयाकरणांनी डिपोनंट ही कल्पनाच टाकून द्यावी असे प्रतिपादिले आहे. सिद्धांत मागे पडला, तरी त्याने लिहिलेल्या चिठ्ठ्या यंत्रात बसून राहतात आणि नव्या विद्यार्थ्याला जुना सिद्धांत वस्तुस्थिती म्हणून शिकवतात.

षष्ठीत यंत्राची गत उलट होते. येथे चिठ्ठी निर्दोष असते आणि तरीही निरुपयोगी ठरते. पौलाच्या रोमकरांस, गलतीकरांस आणि फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रांत 'पिस्तिस' या शब्दाला ख्रिस्ताचे नाव षष्ठीत जोडलेले मोजक्या ठिकाणी आढळते. तो ख्रिस्तावर ठेवलेला विश्वास, की ख्रिस्ताने स्वतः दाखवलेली निष्ठा? आपल्या व्याकरणात हीच कर्मणि षष्ठी आणि कर्तरि षष्ठी. मराठी माणसाला हा भेद समजावून सांगावा लागत नाही. 'वाघाची भीती' म्हटल्यावर भिणारा वाघ नसतो आणि 'आईची माया' म्हटल्यावर माया करणारी आईच असते. लूथरने पहिला अर्थ घेतला, आणि प्रोटेस्टंट धर्मविचाराची पुष्कळशी उभारणी त्यावर झाली. रिचर्ड हेज याने १९८३ मध्ये दुसऱ्या अर्थाचा जोरदार पुरस्कार केला, जेम्स डन याने त्याला तितकाच जोरदार विरोध केला, आणि वाद अद्याप शमलेला नाही. मनुष्य तरतो तो आपल्या श्रद्धेने की दुसऱ्याच्या निष्ठेने, हे येथे एका प्रत्ययावर टांगलेले आहे.

यंत्राला विचारले तर ते 'पिस्तिस'पुढील सर्व षष्ठ्या निमूटपणे काढून देते. त्यांत रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातील अब्राहामाची श्रद्धा आहे, ती निःसंशय कर्तरि. मार्काच्या अकराव्या अध्यायातील देवावरची श्रद्धा आहे, ती बहुतेकांच्या मते कर्मणि. दोन्ही पक्ष एकाच यादीतून आपापली उदाहरणे उचलतात. भाषांतरकाराची सुटका मात्र यादीने होत नाही. 'ख्रिस्ताचा विश्वास' असे मराठीत लिहिले तर संदिग्धता राखता येते, पण कानाला ते अडखळते. 'ख्रिस्तावरचा विश्वास' सरळ वाटते, पण वादाचा निकाल लावून टाकते. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत उतरवलेले बायबल त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. असल्या साधनांपैकी एकही त्यांच्या हाती नव्हते. ते असते तर शब्द शोधण्याची वर्षे वाचली असती. निवड करण्याचे एकही स्थळ कमी झाले नसते.

चिठ्ठीच्याही आधी पाठ असतो, आणि तोही कोणीतरी सिद्ध केलेला असतो. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौल अंद्रोनिकाबरोबर आणखी एका व्यक्तीला सलाम सांगतो आणि प्रेषितांच्या संदर्भात दोघांची थोरवी वर्णितो. त्या नावाची द्वितीया 'युनियान' अशी आहे. एका अक्षरावर स्वरचिन्ह दिले तर नाव युनिया या स्त्रीचे होते. दुसऱ्यावर दिले तर युनियास या, अन्यत्र कोठेही न आढळणाऱ्या, पुरुषाचे होते. प्राचीनतम हस्तलिखितांत स्वरचिन्हे नियमाने दिलेलीच नाहीत. नेस्लेच्या ग्रीक पाठात १९२७ पासून पुरुषी स्वर छापला जाऊ लागला आणि १९९८ च्या मुद्रणात तो बदलून स्त्रीचा झाला. मधल्या काळातील पाठावर जे विश्लेषण बेतले जाईल, त्यात या व्यक्तीच्या नावापुढे पुल्लिंगी चिठ्ठी लागणार हे उघड आहे. आरंभीच्या ख्रिस्ती समाजातील स्त्री-प्रेषितांविषयी यंत्राला विचारणाऱ्याला मग ती सापडणारच नाही.

तिचे स्त्रीत्व मान्य झाल्यावर वाद पुढच्या शब्दांवर सरकला. ती प्रेषितांमध्ये नामांकित होती, की प्रेषितांना चांगली ठाऊक होती? मायकेल बरर आणि डॅनियल वॉलेस यांनी २००१ मध्ये संगणकीय संग्रहांचा धांडोळा घेऊन 'एपिसेमोस' या विशेषणाच्या रचना गोळा केल्या आणि दुसऱ्या अर्थाच्या बाजूने निकाल दिला. रिचर्ड बॉकम, लिंडा बेलव्हिल आणि एल्डन एप यांनी तीच उदाहरणे पुन्हा एकेक करून वाचली. सॉलोमनच्या नावावरील स्तोत्रांतील ज्या जागेवर बराच भार टाकला होता तिचे वाचनच सदोष असल्याचे त्यांनी दाखवले, आणि उलट बाजूची उदाहरणे पुढे ठेवली. बरर याने २०१५ मध्ये आणखी मोठी यादी आणली. यादी वाढली, आणि तीतील प्रत्येक वाक्य पुन्हा कोणीतरी बसून वाचणे आले.

यास्काला शाकल्याशी भांडता आले, कारण पदपाठ शाकल्याचा आहे हे त्याला ठाऊक होते. जेम्स टॉबर याने चालवलेल्या मॉर्फजीएनटीसारख्या खुल्या संग्रहात एखादी चिठ्ठी कोणी व केव्हा दुरुस्त केली हे पाहता येते, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. विकत मिळणाऱ्या साधनांच्या चौकटीत युनियाचे लिंग दिसते. ते ठरवणाराचे नाव तेथे दिसत नाही.