इकडील सर्व क्षेम

नाताळाच्या सुमारास प्रसिद्ध होणाऱ्या भाविक लिखाणाकडे चोखंदळ वाचक काहीशा संशयाने पाहतो. अशा लिखाणात दुःखाचा उल्लेख एका वाक्यात उरकला जातो आणि दुसऱ्या वाक्यात आशेचा दिवा लागतो. मधली काळोखी रात्र लेखकाने पाहिली आहे की नाही, याचा पत्ता लागत नाही. जर्मन धर्मोपदेशक डीट्रिख बोनहोफर यांनी १९४३ च्या नाताळात बर्लिनच्या टेगेल तुरुंगातून लिहिलेली पत्रे या कसोटीवर घासून पाहावी, असे आम्हांस वाटते.

हिटलरच्या राजवटीस प्रथमपासून विरोध करणाऱ्या मोजक्या धर्मपंडितांपैकी बोनहोफर हे एक होत. गांधीजींच्या सहवासात काही काळ राहावे अशी त्यांची इच्छा होती व १९३४ मध्ये गांधीजींनी त्यांस तसे निमंत्रणही पाठविले होते. परंतु स्वदेशातील कार्यामुळे तो योग आला नाही. ५ एप्रिल १९४३ रोजी त्यांना अटक झाली, आणि ९ एप्रिल १९४५ रोजी, युरोपातील युद्ध संपण्यास जेमतेम महिना उरला असताना, फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत त्यांना फाशी देण्यात आले. त्यांची पत्रे त्यांचे स्नेही एबरहार्ट बेथगे यांनी १९५१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली.

या संग्रहातील १७ डिसेंबर १९४३ चे आईवडिलांस लिहिलेले पत्र विशेष प्रसिद्ध आहे. ख्रिस्ती दृष्टीने पाहता कोठडीतील नाताळ ही काही मोठी अडचण नव्हे, असे ते त्यात सांगतात. ज्या बालकास धर्मशाळेत जागा मिळाली नाही व ज्याचा जन्म गोठ्यात झाला, त्याची कथा बंदिवानास इतरांपेक्षा अधिक कळते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. विचार उदात्त आहे, भाषा शांत आहे; परंतु एवढेच पत्र वाचून पुस्तक मिटणाऱ्यास वाटेल की हा मनुष्य सामान्य माणसाच्या भयापलीकडे गेलेला कोणी सिद्धपुरुष असावा.

म्हणूनच दोन दिवस आधीचे, १५ डिसेंबरचे पत्र त्याच्या शेजारी ठेवून वाचले पाहिजे. हे बेथगे यांस लिहिलेले असून तुरुंगाधिकाऱ्यांच्या नजरेआड बाहेर गेले होते. येथील जीवन भयंकर आहे, पाहिलेले प्रसंग रात्रीही पाठ सोडीत नाहीत, आणि एकामागून एक भजने म्हणत ती रात्र कशीबशी ढकलावी लागते, अशी कबुली त्यात आहे. तोच हात, तीच कोठडी, आणि अंतर अवघ्या दोन दिवसांचे!

मग खरे पत्र कोणते? घाईने निर्णय देणारा टीकाकार म्हणेल की आईवडिलांस लिहिलेले पत्र हा मुखवटा होय. आम्हांस हे मान्य नाही. त्या वृद्धांचा एक पुत्र १९१८ मध्येच रणांगणावर कामी आला होता. आता दुसरा पुत्र व एक जामात तुरुंगात होते. अशांस धीर देण्यासाठी माणूस प्रथम स्वतःच्या मनात धीर गोळा करतो, आणि लिहिता लिहिता तो धीर खरा होत जातो. घरापासून दूर चाकरी करणाऱ्या आपणां सर्वांस ‘इकडील सर्व क्षेम’ या मायन्याचे मर्म ठाऊक आहे. आपल्या किरकोळ अडचणींची तुलना त्या कोठडीशी करणे अनुचित ठरेल. तथापि ते वाक्य वृत्त म्हणून लिहिले जात नाही, दुसऱ्याचा भार हलका व्हावा म्हणून लिहिले जाते, एवढे आपण अनुभवाने सांगू शकतो. बोनहोफर यांची शांती या जातीची आहे. ती भय नाहीसे झाल्यामुळे आलेली नाही. भय असताना दुसऱ्यासाठी राखलेली आहे.

नाताळच्या आदल्या दिवशी बेथगे दांपत्यास लिहिलेल्या पत्रात हा विचार आणखी खोल जातो. प्रिय माणसाच्या वियोगाने पडलेली पोकळी कशानेही भरून निघत नाही, आणि ईश्वर ती भरून काढतो असे म्हणणेही चूक आहे, असे ते निक्षून सांगतात. ती पोकळी तशीच राहते, आणि त्यामुळेच नाते जिवंत राहते. धर्मोपदेशकाने सांत्वनाचा हुकमी शब्द असा नाकारावा, हे आम्हांस या पत्रांचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य वाटते. ख्रिस्ती नसलेल्या वाचकासही येथे आपले दुःख ओळखीचे भेटते.

एक आक्षेप मात्र विचारात घेतला पाहिजे. टेगेलमध्ये त्यांना पुस्तके मिळत, घरून जिन्नस येत. तेव्हा हे धैर्य सुस्थितीतले नव्हे काय? याचे उत्तर पुढील वर्षाने दिले. डिसेंबर १९४४ मध्ये ते गुप्त पोलिसांच्या तळघरात होते. तेथून वाग्दत्त वधू मारिया फोन वेडेमायर यांस धाडलेल्या पत्रासोबत एक सात कडव्यांची कविता आहे. तिच्यात काठोकाठ भरलेल्या कडू प्याल्याचा स्वीकार आहे, आणि शक्य असल्यास पुन्हा भेट घडावी ही साधी मानवी मागणीही आहे. आज जर्मनीत ही कविता घरोघरी गायिली जाते. १९७० मध्ये झीगफ्रीट फिट्स यांनी दिलेल्या चालीत तिचे शेवटचे, अभय देणारे कडवे ध्रुपद झाले आहे. चाल गोड आहे; परंतु जे सहा कडव्यांची वाट चालून गाठायचे, तेच प्रत्येक कडव्यापाठोपाठ फुकट हाती येऊ लागले, की त्याचे मोल उतरते, असे आमचे मत आहे.

या पत्रांतील आशेस हेच लागू पडते. १७ तारखेचे पत्र ज्यांस आवडले असेल, त्यांनी १५ तारखेचे अवश्य वाचावे. त्याने पहिल्या पत्राची शोभा कमी होत नाही. त्यातील प्रत्येक शब्दास काय किंमत पडली, ते कळते.