पूर्वज-निवड आणि गुणधर्मांचा वारसा : पारोळ्याच्या नोंदीवरून

एक्सएमएल दस्तऐवजांच्या रूपांतरात ‘पूर्वज’ ही संज्ञा वंशावळीवरून आलेली असली, तरी तिचा आशय वंशाचा नाही, समावेशाचा आहे. एखाद्या घटकाला जे घटक बाहेरून वेढतात, ते त्याचे पूर्वज. हा भेद किरकोळ भासतो. परंतु ऐतिहासिक साधनांची संहिता या पद्धतीने सिद्ध करताना बराचसा घोटाळा येथूनच उद्भवतो.

पारोळ्याची नोंद पाहावी. १८८० च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरात हे गाव खानदेश जिल्ह्यात आहे. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे विभाग झाले. त्यामुळे १९०८ च्या इंपीरियल गॅझेटियरात ते पूर्व खानदेशातील अमळनेर तालुक्यात आढळते. १९६० मध्ये पूर्व खानदेशास जळगाव हे नाव मिळाले, आणि आज पारोळा स्वतःच तालुक्याचे ठाणे आहे. गाव जागचे हलले नाही. पूर्वज मात्र पालटत गेले.

आता ग्रंथात जिल्हा, जिल्ह्यात तालुका व तालुक्यात गाव अशी रचना कल्पिली, तर वर्ष हा गुणधर्म ग्रंथावर आणि नाव हा जिल्ह्यावर व तालुक्यावर राहील. गावाला वर्षाचा वारसा आपोआप मिळत नाही. तो वर चढून मागावा लागतो. येथे शब्दक्रमाला विलक्षण महत्त्व आहे. ‘निकटतम पूर्वजाचे वर्ष’ मागितल्यास हाती शून्य येते, कारण तालुक्यापाशी वर्षच नाही. ‘ज्यांच्यापाशी वर्ष आहे अशा पूर्वजांपैकी निकटतम’ अशी अट घातली, तरच १९०८ मिळते.

याहून फसवी गोष्ट क्रमांकाची. पूर्वज-अक्षावर पहिला म्हणजे सर्वांत जवळचा. पण त्याच अक्षाला गोल कंसात घालून पहिला मागितला, की सर्वांत बाहेरचा घटक मिळतो, कारण कंसाबाहेरची गणना दस्तऐवजाच्या क्रमाने होते. नियम तर्कशुद्ध आहे, हे मान्य करावे लागेल. तथापि ज्या नियमाच्या भंगाने दोषसूचना येत नाही, केवळ चुकीचा मजकूर उमटतो, तो अभ्यासकाला सोयीचा म्हणता येणार नाही. त्यात आवृत्तिभेदाची भर आहे. सर्व पूर्वजांची नावे मागितली असता १९९९ ची एक्सएसएलटी १.० केवळ ‘पूर्व खानदेश’ छापते आणि अमळनेर निमूटपणे गळते. २००७ ची २.० मात्र दोन्ही नावे देते.

खरी हानी होते ती नोंद उचलताना. घटकाची नक्कल केली असता त्याचे वंशज बरोबर येतात, पूर्वज येत नाहीत. १८५७ नंतर जहागीर जप्त होऊन पारोळ्याचा किल्ला निकामी केला गेला, हा १९०८ चा मजकूर जळगाव जिल्ह्याच्या नव्या संकलनात हलविला, की त्याचा पूर्वज जळगाव ठरतो. आणि जिल्ह्याचे नाव विचारणाऱ्या सूत्राला त्यात काहीच वावगे दिसत नाही. म्हणून स्थलांतरापूर्वी वर्ष, जिल्हा व तालुका हे गुणधर्म गावाच्याच घटकावर उतरवून घ्यावे लागतात. ग्रंथाचा खंडक्रमांकही उतरवावा काय, हे मात्र संकलनाच्या हेतूवर ठरेल.